बाराशे पन्नास ही संख्या आहे का?

(शाळेतल्या आमच्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा छापील पाठ)



व्याख्यानाची पत्रिका वाटली गेली त्या संध्याकाळी शेजारच्या काकांनी मला जिन्यातच गाठलं. "वेबच्या प्रोग्रॅममध्ये भरलेली गोष्ट संख्या आहे की नाही हे कसं ओळखायचं, यावर तू तासभर बोलणार? अरे, बघितलं की कळतं!"

काकांचं बरोबर आहे. बघितलं की कळतं, पण ते माणसाला. यंत्र बघत नाही, ते एकेक चिन्ह चाचपतं, आणि काय चाचपायचं हे त्याला आमच्यासारख्यांनी सांगितलेलं असतं. आमच्यासारखे म्हणजे ज्यांनी गुरुजींच्या तासाला खिडकीबाहेर बघितलं ते.

म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. वीसेक वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका बाजार आवारासाठी मी कांद्याचे भाव नोंदवायचं पान लिहिलं. आवाराचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. लिलाव झाला की कारकुनाने भाव भरायचा, बटण दाबायचं, आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर आपोआप लागायचा. दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी दुसरा कारकून बसला. अक्षर सुंदर, सवयी टापटीप. बाराशे पन्नास लिहिताना त्याने शाळेत शिकवल्याप्रमाणे एकानंतर स्वल्पविराम दिला. फलकावर किमान दर झळकला, एक रुपया क्विंटल. अर्ध्या तासात एका शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, रुपयात रिकामी गोणी तरी येते का?"

झालं काय होतं? जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत 'पार्स-इंट' म्हणून एक सोय आहे. ती डावीकडून वाचत जाते. अंक दिसतो तोवर घेते, अंक नसलेलं काही दिसलं की थांबते. एक वाचला, स्वल्पविराम दिसला, थांबली. पुढचे अडीचशे तिने टाकून दिले आणि तक्रार केली नाही. चुकणारा माणूस परवडतो हो. चुकून गप्प बसणारा परवडत नाही.

मी दुरुस्ती केली. संख्या नसेल तर घेऊच नकोस, असं पानाला बजावलं. चौथ्या दिवशी एक वडीलधारे कारकून आले. ते संगणकावर मराठीत टंकलेखन शिकलेले. त्यांनी मराठी आकड्यांत स्वच्छ १२५० लिहिलं, स्वल्पविराम नाही, काही नाही. पानाने लाल अक्षरांत उत्तर दिलं, 'कृपया संख्या भरा.' त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मला फोनवर एवढंच विचारलं, "बाराशे पन्नास ही संख्या नाही का?"

आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशिरा दिलेलं.

आता एक गंमत बघा. इंग्रजीत 'नंबर' हा एक शब्द आहे आणि तो सगळीकडे धावतो. फोनचा नंबर, घराचा नंबर, वर्गात पहिला नंबर आणि बेरजेतला नंबरही. आपल्याकडे किती शब्द आहेत? अंक आहे, संख्या आहे, आकडा आहे, क्रमांक आहे. अंक म्हणजे शून्य ते नऊ ही चिन्हं. संख्या म्हणजे किती, याचं उत्तर. क्रमांक म्हणजे कोणता, याचं उत्तर. (आकड्याचं मात्र सांगत नाही. मटक्यात लावतात तोही आकडा, आणि विजेच्या तारेवर टाकतात तोही आकडा.) ज्या भाषेत हे वेगळे शब्द आधीच आहेत, त्या भाषेतली मुलं प्रोग्रॅम लिहायला बसली की एका 'नंबर'मध्ये सगळं कोंबतात. मीही तेच केलं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की 'हा नंबर आहे का' हा प्रश्न यंत्राला विचारण्याआधी स्वतःला मराठीत विचारा. ही संख्या आहे की क्रमांक?

ओळखायचं कसं? दोन गोष्टींची बेरीज करून बघा. बेरजेला अर्थ असेल तर संख्या, नसेल तर क्रमांक. नाशिकरोडला नोटा छापतात. पाचशेची एक नोट खिशातून काढा. नाही, माझ्याकडे देऊ नका, नुसती बघा. तिच्यावर पाचशे छापलंय, आणि तिचा स्वतःचा एक नंबरही छापलाय. दोन नोटांवरच्या पाचशेंची बेरीज हजार होते, सगळा बाजार त्यावर चालतो. त्याच दोन नोटांच्या नंबरांची बेरीज करून दाखवा बरं! एकाच कागदावर, वितीभर अंतरात, एक संख्या आहे आणि एक क्रमांक आहे. पाचशेच्या ऐवजी शून्यपाचशे लिहिलं तरी किंमत तीच. नंबरातलं शून्य खाल्लं तर ती नोट दुसरीच झाली, किंवा कुठलीच नाही.

हे शून्य फार महत्त्वाचं आहे. नाशिकचा एसटीडी कोड काय? शून्य दोन पाच तीन. तो संख्या म्हणून साठवला की पुढचं शून्य गळतं आणि उरतात दोनशे त्रेपन्न. जुन्या ब्राउझरांमध्ये तर याहून वाईट व्हायचं. पुढे शून्य दिसलं की पार्स-इंट त्याला अष्टमान पद्धतीची संख्या समजायची, म्हणजे आठाच्या पटीत मोजायची. दोन गुणिले चौसष्ट, पाच गुणिले आठ, अधिक तीन. एकशे एकाहत्तर! नाशिकचा कोड १७१. आणि तारखेत शून्यआठ किंवा शून्यनऊ लिहिलं, की आठ आणि नऊ हे अष्टमानात अंकच नसल्याने उत्तर शून्य. जानेवारी ते जुलै सगळं ठीक, ऑगस्ट आणि सप्टेंबर गायब. कितीतरी प्रोग्रॅम असे वर्षातून दोन महिने आजारी पडायचे. २००९मध्ये भाषेचा नियम बदलला, मग हे थांबलं.

सातबारा घ्या. गट नंबर १२३/१/अ. नंबर म्हणतो आपण, पण यात एक तिरपी रेघ आहे आणि एक 'अ' आहे. पार्स-इंटला दिला तर ती १२३ वाचून समाधानाने थांबेल, आणि तुमचा हिस्सा भावाच्या नावावर जाईल. (हसू नका, निम्मे दिवाणी दावे याहून लहान गोष्टींवर चाललेत.) त्याच उताऱ्यावर क्षेत्र असतं, एक हेक्टर, वीस आर, पन्नास चौरस मीटर. लिहायचं १.२०.५०, दोन ठिपके देऊन. जावास्क्रिप्टची दशांश वाचायची सोय त्याचं काय करते? पहिल्या ठिपक्याला दशांशचिन्ह मानते, दुसऱ्या ठिपक्यापाशी थांबते. एक पूर्णांक दोन. पन्नास चौरस मीटर सांडले. नाशिक शहरात पन्नास चौरस मीटरची किंमत काय आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक. सोसायटीत 'ई' विंग असते. दुसऱ्या मजल्यावरचा पाचवा फ्लॅट, दोन ई पाच. रोमन लिपीत असं लिहिलं की यंत्राच्या शास्त्रीय लेखनपद्धतीत त्याचा अर्थ दोनावर पाच शून्यं. दोन लाख. ही पूर्णपणे वैध संख्या आहे, कुठलीही तपासणी तिला हरकत घेणार नाही. फ्लॅट क्रमांक दोन लाख!

मग क्रमांक तपासायचाच नाही का? तपासायचा, पण त्याच्या रीतीने. आधार घ्या. देशातले पहिले आधार क्रमांक आपल्या शेजारी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. त्या बारा अंकांतला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. ती रीत व्हेर्हूफ नावाच्या डच गणितज्ञाची. एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर शेवटचा अंक जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. ही खरी तपासणी. इथे 'ही संख्या आहे का' असं कोणी विचारत नाही. 'हा क्रमांक नीट उतरवलाय का' असं विचारतात.

आता तुम्ही म्हणाल, संख्या वेगळी आणि अंक वेगळे, हे इतकं काय ताणायचं? यासाठी मला देवळालीला जावं लागेल. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. सभागृहात त्यांचे विद्यार्थी असतील तर मी जपून बोलतो. साधा शिक्षक, पदव्युत्तर पदवी नाही, गणिताच्या मोठ्या संस्थांमध्ये वावर नाही, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला देवळाली कळली. त्यांचा ६१७४ तुम्हाला ठाऊक आहे. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तराला पुन्हा तेच करा. फार तर सात वेळा. तुम्ही ६१७४वर येता आणि तिथेच राहता, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४.

आता २१११ घ्या. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. पुढे? यंत्राने याला संख्या मानलं तर अंक तीनच उरले. ९९९ उलटं केलं तरी ९९९. वजाबाकी शून्य. कापरेकरांचा नियम कोसळला! पण कापरेकर काय म्हणतात? चार अंकांचा खेळ आहे, चारच राहतील. ९९९ नव्हे, ०९९९. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१. पुढे ८०८२. पुढे ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. एका बिनकिमतीच्या शून्याने सगळं तोललं. वजाबाकी करताना ती संख्या आहे, मांडणी करताना ती अंकांची ओळ आहे, आणि देवळालीचे मास्तर एका पायरीवर दोनदा भूमिका बदलतात, न चुकता. प्रोग्रॅम शिकवणाऱ्याने पहिल्या तासाला हे उदाहरण द्यावं, असं माझं मत आहे.

त्या २३५८ला जरा लक्षात ठेवा. तो परत येणार आहे.

आता संख्यांकडे. समजा ठरलं की रकान्यात संख्याच हवी. मग आलेली गोष्ट संख्या आहे का, हे कसं विचारायचं? जावास्क्रिप्ट १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत उभी केली. दहा दिवसांत आपल्याकडे मांडव उभा राहतो, भाषा नाही. त्या घाईचे व्रण अजून आहेत. तिच्यात 'नॅन' नावाची एक चीज आहे. इंग्रजी नावाचा अर्थ 'संख्या नाही'. आणि यंत्राला विचारलं की नॅनचा प्रकार कोणता, तर ते सांगतं, 'संख्या'. संख्या नसलेली गोष्ट संख्या या प्रकारात मोडते. त्याहून पुढे, नॅन आणि नॅन समान आहेत का विचारलं तर उत्तर येतं, नाही. स्वतःशीच समान नसलेली वस्तू! नवीन मुलं इथे हात टेकतात, आणि भाषेला नावं ठेवून चहाला जातात.

मी भाषेची बाजू घेणार आहे. हा आइकसाहेबांचा घोळ नाही. संगणकातल्या संख्यांसाठी १९८५ साली ठरलेल्या एका प्रमाणात ही चीज आहे, त्यामागे विल्यम काहान या गणितज्ञाचं नाव मोठं आहे, आणि ती शहाणपणाची आहे. गुणपत्रिका डोळ्यांसमोर आणा. गणित ७२, मराठी ६४, विज्ञान 'गै.ह.'. हा गैरहजर कोणत्या रकान्यात लिहिलाय? गुणांच्या. तो गुण आहे का? नाही. पण जागा गुणांचीच. तेच नॅन. आता दोन मुलं विज्ञानाला गैरहजर. दोघांना सारखे गुण पडले का? कसं सांगणार? परीक्षाच दिली नाही. म्हणून समान नाही. आणि एकूण बेरीज? एका विषयात गै.ह. असेल तर बेरीजही गै.ह. काहानसाहेबांनी काय केलं, तर एक मुलगा आला नाही म्हणून साऱ्या शाळेची परीक्षा रद्द केली नाही. शेरा मारला आणि पुढे गेले.

मात्र हा शेरा पसरतो. कांदाचाळीत एक नासका कांदा गेला की काय होतं, ते नाशिककरांना सांगायला नको. हजार नोंदींत एक नॅन आला की बेरीज नॅन, सरासरी नॅन, आणि ग्राहकाच्या बिलावर 'एकूण रुपये नॅन'. म्हणून निवडायचा तो चाळीच्या दारातच. आणि दारात निवडला तरी आत पुन्हा बघायचा, कारण ब्राउझरातली तपासणी कोणालाही बंद करता येते. सर्व्हरने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, हा नियम मी मोडून शिकलो.

मग नॅन आहे का असं विचारलं की झालं? 'इझ-नॅन' अशी तपासणी आहेच. मीही तीच लावली होती. तिथे तिसरा अपघात झाला. अमावास्येला लिलाव बंद असायचे. कारकुनाने रकाना रिकामा सोडला. इझ-नॅनने रिकाम्या रकान्याला पास केलं आणि महिन्याचा सर्वसाधारण दर खाली आला. का? कारण ही तपासणी आधी वस्तूला संख्या करून बघते आणि मग विचारते. रिकाम्या जागेची ती संख्या करते शून्य. शून्य ही संख्याच, जाऊ द्या आत. नुसती मोकळी जागा? शून्य. 'खरे' ही तर्कातली किंमत? एक. २०१५ साली भाषेत याच नावाची दुसरी, कडक तपासणी आली. ती रूपांतर करत नाही, समोरची वस्तू खरंच नॅन आहे का एवढंच बघते. तिला अक्षरांत लिहिलेलं काही दिलं तर ते नॅन नाही म्हणून सोडून देते. म्हणजे कडकपणाही दिशा पाहून हवा. खरं काम असं आहे. आधी कडेच्या मोकळ्या जागा छाटायच्या. काही उरलं नाही तर 'रिकामं' म्हणायचं, शून्य नव्हे. उरलेल्याचा नमुना बघायचा, मग संख्या करायची, आणि ती मर्यादित संख्या आहे का हे विचारायचं.

रिकामं आणि शून्य यांतला फरक ज्याला शिकायचाय त्याने सरकारी कार्यालयात जावं. मी गंमत करत नाही. आपल्या प्रशासनात एक अप्रतिम शब्द आहे, 'निरंक'. मासिक अहवालात रकाना कोरा असेल तर साहेब विचारतात, माहिती का भरली नाही? निरंक असेल तर विचारत नाहीत. कोरा म्हणजे बघितलं नाही. निरंक म्हणजे बघितलं, आणि काही नाही. शून्य म्हणजे मोजलं, आणि मोजदाद शून्य भरली. तीन वेगळ्या अवस्था, एका तालुका कचेरीतल्या कारकुनाला रोजच्या पाठ. जावास्क्रिप्टने कोरा आणि शून्य एक करून टाकले, आणि कोणी बिचाऱ्याने प्रामाणिकपणे 'निरंक' लिहिलं तर म्हणते, संख्या भरा.

शून्याचा विषय निघाला म्हणून चाळीसगावचा फेरा मारतो, तुमची हरकत नसेल तर. भास्कराचार्य, जन्म १११४. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा १२०७चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं. तिच्यात काही मिळवा, तिच्यातून काही काढा, तिला फरक पडत नाही. आज जावास्क्रिप्टमध्ये एकाला शून्याने भागा, यंत्र बंद पडत नाही. 'इन्फिनिटी' देतं. त्यात एक मिळवा, तीच राहते. खहर! आणि शून्याला शून्याने भागा. तिथे मात्र नॅन. अनंत हे उत्तर आहे, नॅन हे उत्तर नाकारणं आहे. आमच्या तपासणीत दोन्ही बाहेर ठेवायचे, कारण अनंत भावाने कांदा अजून कोणी घेतलेला नाही.

आणि हो, जोडाजोडी. पानावरून आलेली प्रत्येक गोष्ट मुळात अक्षरांची माळ असते. बाराशे पन्नास आणि हमालीचे पन्नास यांच्यामध्ये अधिक चिन्ह टाकलं, तर जावास्क्रिप्ट माळा जोडते. उत्तर एक लाख पंचवीस हजार पन्नास. उणे चिन्ह टाकलं तर तीच भाषा मुकाट्याने त्यांच्या संख्या करते आणि बाराशे देते. यावरून आठवलं, आपल्या जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. नहपान या क्षत्रप राजाची नाणी, त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. पण नाणं तिरकं धरलं तर खालचा नहपान दिसतो. जावास्क्रिप्टही ठसा बदलते, मात्र तिच्या नाण्यावर खालचं काही दिसत नाही.

आता त्या वडीलधाऱ्या कारकुनांकडे येतो. यंत्राच्या आत, युनिकोड नावाच्या यादीप्रमाणे, प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. (क्रमांक, संख्या नव्हे!) इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, नवाचा ५७. मराठी शून्याचा २४०६, नवाचा २४१५. हे भाषण छापलं जाईल तेव्हा सगळे आकडे मराठीतच असतील, तुम्हाला वाचताना अडचण येणार नाही. जावास्क्रिप्टला येईल. तिची संख्या करण्याची सोय ४८ ते ५७ एवढेच अंक ओळखते. मराठी १२५० दिलं की नॅन. पीएचपी या दुसऱ्या भाषेची तपासणीही नाही म्हणते. ही यंत्राची असमर्थता नाही. पायथन भाषेला मराठी १२५० द्या, ती बिनतक्रार बाराशे पन्नास करते. जावाही करते. त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे याच जावास्क्रिप्टला सांगा की ही संख्या मराठी पद्धतीने लिहून दाखव. ती मराठी अंकांत, लाखाच्या जागी लाखाचा स्वल्पविराम देऊन, झोकात लिहिते. तेच लिहिलेलं तिला परत वाचायला द्या. संख्या नाही! स्वतःचं अक्षर स्वतःला न लागणारे डॉक्टर मी पाहिलेत, पण भाषा ही एकच.

राज्यघटनेच्या ३४३व्या अनुच्छेदात संघराज्याच्या कामासाठी जे अंक सांगितलेत त्यांना काय म्हटलंय? 'भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप'. म्हणजे ज्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो तेही माहेरचेच. एक लेक परदेशी जाऊन आली, दुसरी घरीच राहिली. घरच्या लेकीला दारात ओळखपत्र मागणं बरं दिसत नाही.

उपाय? एका ओळीचा. मराठी अंकाच्या क्रमांकातून ठरावीक संख्या वजा करा, इंग्रजी अंकाचा क्रमांक मिळतो. २४०६ वजा ४८. किती? करा, करा, इथे गणिताचे शिक्षक बरेच बसलेत.

२३५८.

उतरत्या क्रमाने ८५३२. त्यातून २३५८ वजा. ६१७४. मी ती ओळ लिहिली त्या रात्री वजाबाकी तीनदा तपासली. योगायोग आहे, त्यात अर्थ नाही, युनिकोडवाल्यांना देवळाली माहीत असण्याचं कारण नाही. पण कापरेकर मास्तरांना हे कळलं असतं तर ते खूश झाले असते, एवढं मी खात्रीने म्हणतो.

वेळ संपत आलीय, अध्यक्ष घड्याळ बघतायत. शेवटची गोष्ट पांडवलेण्यांची. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. भिक्षुसंघासाठी कायमची ठेव, कार्षापण नावाची नाणी तीन हजार. त्यातले दोन हजार गोवर्धनच्या एका कोष्टी श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या मंडळाकडे, ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, वस्त्रांसाठी. करा हिशेब. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. दगडातला हिशेब अजून जुळतो. आणि तीन हजार ही रक्कम तिथे दोनदा कोरलीय. शब्दांत, आणि लगेच पुढे अंकांत. तेव्हा शून्य नव्हतं, स्थानावरून किंमत ठरत नव्हती. हजाराचं एक चिन्ह, त्याला तिनाची खूण जोडलेली. एखादी रेघ झिजली तरी शब्द साक्षीला उभा. आज धनादेशावर आपण 'अक्षरी रुपये' लिहितो ते हेच. गुरुजी उदाहरणाचं उत्तर अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहायला लावायचे, आणि आम्ही त्यांना मनात नावं ठेवायचो.

आता परत माझ्या पानाकडे. त्यात बऱ्याच सुधारणा झाल्या. स्वल्पविराम चालतो, मराठी अंक चालतात, कोरं आणि शून्य वेगळं, निरंक लिहिलं तर निरंकच राहतं. आणि वेडेवाकडे भाव येऊ नयेत म्हणून मी हुशारीने एक मर्यादा घातली होती. दोनशेच्या खालचा दर घ्यायचा नाही, कारण एवढा भाव पडणं शक्यच नाही. २०१८च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे एक हजार चौसष्ट रुपये मिळाले. त्याने ते पंतप्रधानांना मनिऑर्डर केले, बातमी देशभर झाली. मी पेपर बाजूला ठेवून भागाकार केला. क्विंटलला एकशे बेचाळीससुद्धा नाहीत. संख्या होती, मर्यादित होती, धन होती, खरी होती. माझ्या पानाने तिच्यापुढे लाल अक्षरांत लिहिलं असतं, 'कृपया योग्य रक्कम भरा.'

मर्यादेची ती ओळ मी काढली. आता पान भरलेला दर अक्षरी लिहून दाखवतं आणि विचारतं, बरोबर आहे का? कारकून बहुतेक वेळा न वाचताच 'हो' दाबतात. कधीमधी एखादा थांबतो.